स्ट्रीट फायटर ६: सीपीयूशी खेळून गाईल सुधारतो का?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. क्रिकेट, राजकारण आणि पाककृतींच्या गर्दीत फायटिंग गेमवर धागा काढतोय. कोणी फिरकलं नाही तर गपचूप तळाला जाऊ द्या.

मुलं झोपली की मला रात्री साधारण तासभर मिळतो. स्ट्रीट फायटर ६ खेळतो, पात्र गाईल. ऑनलाइन जायची जरा धास्तीच वाटते, म्हणून बहुतेक वेळ सीपीयूशी, म्हणजे संगणकच चालवतो त्या प्रतिस्पर्ध्याशी. एक ते आठ अशा लेव्हल असतात, त्यातला सातवाला आता बऱ्यापैकी हरतो. म्हटलं जमलं की! मोठ्या ऐटीत रँक्डमध्ये (ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांत) गेलो आणि ब्रॉन्झ, सिल्व्हर अशा खालच्या पायऱ्यांवरच्यांनी धुऊन काढलं.

सीपीयू कसा हरतो ते सांगतो. मी सॉनिक बूम (दुरून फेकायचा मारा) टाकतो, तो उडी मारतो, मी खाली चार्ज धरूनच (खालची दिशा दाबून ठेवूनच) बसलेला असतो, समरसॉल्ट किक (कोलांटी मारत लाथ). परत बूम, परत उडी, परत किक. माणसं उडीच मारत नाहीत. दोन पावलं येतात, ब्लॉक करतात, आणखी दोन पावलं येतात आणि तिथेच उभी राहतात. मग मी काहीतरी करायचं म्हणून करतो आणि मार खातो.

एकट्याने सराव करायचा असेल तर काय करावं? आठव्या लेव्हलवर डोकं आपटत राहू, की ट्रेनिंग मोडमध्ये जाऊ? ट्रेनिंग मोडमध्ये गेलो की तो पुतळा समोर उभा असतो, चार कॉम्बो (एकाला एक जोडलेले फटके) मारले की झोप येते.

टोकनवाला
अहो तळाला कसला जातोय, आम्ही आहोत की जिवंत.

सीपीयूचा गाईल म्हटलं की माझं रक्त अजून उसळतं. १९९१ चा स्ट्रीट फायटर २ आमच्या स्टँडसमोरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पुढे कधीतरी आला. आपण गाईल घेतला तर मागे दाबून धरा, थांबा, मग पुढे आणि ठोसा. संगणकाचा गाईल मात्र आरामात चालत पुढे यायचा आणि चालता चालता बूम सोडायचा! उभा आहे उभा आहे, आणि अचानक किक. आम्ही पोरं आठवडेच्या आठवडे ‘चालत बूम’ कसा मारायचा ते शोधत होतो. पार्लरवाला म्हणायचा येतं, सराव करा, टोकन घ्या. त्याचं काय जातंय.

नंतर कळलं की संगणकाला चार्जची अटच नव्हती. तो काठी हलवत नव्हताच, थेट ‘बूम’ असा हुकूम सोडायचा. त्यामुळे सीपीयूकडून शिकायचं म्हणजे काय शिकायचं हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

फ्रेमगणित
रात्रपाळी, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: ‘परत बूम, परत उडी, परत किक’. तुम्ही गाईल शिकला नाहीत, सातव्या लेव्हलचा सीपीयू शिकलात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं होतं. सीपीयू कंटाळत नाही, घाबरत नाही, आणि मागच्या तीन उड्यांना लाथ बसली म्हणून चौथी उडी टाळत नाही. माणूस दुसऱ्या लाथेलाच थांबतो.

आठव्या लेव्हलला जाऊन हे सुटत नाही. फक्त प्रतिक्रिया इतकी झटपट होते की तुमचं बटण पडलेलं आधीच कळल्यासारखं तो वागतो. त्याच्याशी खेळून खेळून तुम्ही भलतेच भित्रे व्हाल.

पण ट्रेनिंग मोड म्हणजे पुतळा हेही खरं नाही. पुतळ्याला काय करायचं ते तुम्ही शिकवू शकता, आणि सगळा सराव तिथेच आहे. डमीच्या, म्हणजे त्या पुतळ्याच्या, सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग असतं. पात्राचा ताबा घ्यायचा, एक हालचाल नोंदवायची, दुसऱ्या स्लॉटमध्ये दुसरी. मग प्लेबॅक लावला की त्यातलं काहीतरी एक, कुठलंही, कधीही तुमच्यावर येतं.

तुमच्यासाठी मी हे लावलं असतं. समोर केन हे पात्र. पहिला स्लॉट: पुढे उडी मारून हेवी किक. दुसरा: दोन पावलं पुढे आणि ब्लॉक. तिसरा: मीडियम पंच आणि मीडियम किक एकत्र धरून ड्राइव्ह पॅरी (येणारा मारा झेलून घेणारा बचाव), सोडायचीच नाही. तुम्ही मैदानाच्या निम्म्या अंतरावरून लाइट पंचचा बूम टाकायचा, तो सगळ्यात हळू जातो, आणि त्याच्या मागून चालत जायचं.

आता खरी गंमत. उडी आली तर समरसॉल्ट मिळणार नाही, कारण पुढे चाललात की खालचा चार्ज गेला. तिथे खाली बसून हेवी पंच. ब्लॉक करत बसला तर जवळ जाऊन लाइट पंच, मग परत चार्ज धरून मागे. आणि पॅरी धरून बसला असेल तर थेट थ्रो (पकडून आपटणं). पॅरीतल्या माणसाला थ्रो बसला की तो पनिश काउंटर धरला जातो, नुकसान जास्त. तुम्हाला मारणारी ती ‘तिथेच उभी राहणारी’ माणसं निम्म्या वेळा पॅरीच धरून बसलेली असतात. तुम्ही बूम टाकत राहता आणि त्यांचा ड्राइव्ह गेज (खास चालींसाठीची ऊर्जा) फुकटात भरत राहतो.

सोनचाफा
मस्त धागा. पण मी जरा उलट सूर लावते.

मी फक्त सीपीयूशीच खेळते, चुन-ली घेऊन. ऑनलाइन जायचंच नाही मला. दिवसभर ऑफिसात माणसांशीच लढते, रात्री परत माणसं कशाला? आर्केड मोडमध्ये एकेक गोष्ट पूर्ण करायची, शेवटची चित्रं बघायची, कधी लेव्हल वाढवायची. मला त्यात खरंच मजा येते. या गेमवाल्या लोकांमध्ये एक सूर असतो, की रँक नाही तर तुम्ही खेळाडूच नाही. तो मला पटत नाही.

रात्रपाळी यांना सुधारायचं आहे, तो वेगळा प्रश्न. पण सीपीयू म्हणजे वाया गेलेला वेळ असं कोणी म्हणू नये.

फ्रेमगणित
@सोनचाफा, शंभर टक्के सहमत. मजेसाठी खेळायला कोणाचं प्रमाणपत्र लागत नाही. मी फक्त ‘सुधारतो का’ एवढ्याचंच उत्तर देत होतो.

लोखंडी_मूठ
आम्ही टेकन या दुसऱ्या फायटिंग गेमवाले, तरी घुसतो.

आमच्याकडे २०२४ च्या जानेवारीत आलेल्या टेकन ८ मध्ये ‘घोस्ट’ आहे. तुम्ही कसे खेळता ते बघून गेम तुमचीच एक प्रतिकृती तयार करतो आणि तुम्ही तिच्याशी लढू शकता. मी माझ्या किंग या पात्राच्या घोस्टशी पहिल्यांदा लढलो तेव्हा वैतागलो. भाऊसाहेब दर वेळी पडून उठताना तीच लाथ मारत होते. म्हणजे मीच मारत असणार ना! आपलं आपल्याला कधी दिसलं नसतं. शिवाय तिथे रिप्लेमध्ये मध्येच ताबा घेता येतो. जिथे मार खाल्ला तिथूनच परत खेळून बघायचं, दुसरं काही केलं असतं तर काय झालं असतं ते.

तुमच्या स्ट्रीट फायटरमध्येही व्ही-रायव्हल नावाचं काहीतरी आलंय ना? खऱ्या खेळाडूंच्या खेळावरून घडवलेले प्रतिस्पर्धी?

पण माझं खरं मत विचाराल तर एकट्याच्या सरावाला मर्यादा आहे. लाहोरचा अर्सलान ॲश बघा. २०१९ मध्ये टेकन ७ मध्ये इव्हो (फायटिंग गेमची मोठी स्पर्धा) जपान जिंकला आणि त्याच वर्षी लास वेगासचा इव्होही. तोपर्यंत बाहेर त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. जिंकल्यावर म्हणाला, माझ्या देशात असे अजून बरेच आहेत. मग कोरियाचा नी, एवढा दिग्गज, मुद्दाम पाकिस्तानात जाऊन त्या पोरांशी खेळून आला. ही पोरं ट्रेनिंग मोडमध्ये बसून तयार झाली नव्हती, एकमेकांना हरवून हरवून तयार झाली होती. तालमीत जोर-बैठका एकट्याने होतात, डाव जोडीदाराच्या अंगावरच बसतो.

टोकनवाला
हे एकदम पटलं. आमच्या पार्लरला केओएफ ९७ (किंग ऑफ फायटर्स) होता. सीपीयूला सगळेच हरवायचे. पण एक मुलगा इओरी हे पात्र घेऊन बसला की बाकीचे टोकन खिशातच ठेवायचे. तो सीपीयूशी खेळून तसा झाला नव्हता, त्याच्या मोठ्या भावाकडून रोज मार खाऊन झाला होता.

अवांतर: टेकन ३ आला तेव्हा आमच्याकडे नियम होता, एडी हे पात्र घ्यायचं नाही. ज्याला काही येत नाही तोही दोन्ही किकची बटणं बडवून जिंकायचा.

अर्धा_डाव
गाईल का? धालसिम घ्या की. आपला भारतीय माणूस! योगा फायर!!

फ्रेमगणित
धालसिम आपला खरा, पण नवशिक्याला एकट्याने शिकवणारं पात्र नाही. लांबचे हात टाकले की त्या हातावरच मार बसतो, टेलिपोर्टनंतर नेमकं कुठे उभे राहिलात ते समजेपर्यंत अर्धं आयुष्य जातं. गाईलचं बरं आहे. दोनच मुख्य चाली आणि बाकी सगळं अंतराचं भान.

व्ही-रायव्हलबद्दल: हो, आहे. रँक्डमधल्या सामन्यांच्या माहितीवर शिकवलेले प्रतिस्पर्धी. साध्या सीपीयूपेक्षा खूपच बरे. थांबतात, ब्लॉक करून थ्रो करतात, मधूनच वेड्यासारखं काहीतरी करतात, अगदी सिल्व्हरच्या माणसासारखं. रात्रपाळी, सीपीयूशीच खेळायचं तर लेव्हल सात-आठ सोडा आणि इकडे या. पण तेही मॅच खेळणंच झालं. मॅच खेळताना तुम्हाला हवा तो प्रसंग मिनिटातून एकदा येतो, डमीवर दर पाच सेकंदांनी येतो. तासभरच मिळणाऱ्या माणसाला हा हिशेब महत्त्वाचा.

रात्रपाळी
धन्स लोकहो, एवढे प्रतिसाद! वाचनखूण साठवली आहे.

फ्रेमगणित, आणखी एक दुखणं आहे. ड्राइव्ह इम्पॅक्ट, तो जोरकस हल्ला. आठव्या लेव्हलच्या सीपीयूला मी इम्पॅक्ट मारला की तो जवळजवळ दर वेळी उलटा इम्पॅक्ट मारून मला आडवा करतो. म्हणून मी मारणंच सोडलं. आणि ऑनलाइन समोरच्याने मारला की माझ्या हातून काहीच होत नाही, नुसता बघत राहतो. वय झालं का हो माझं?

फ्रेमगणित
वयाचं नंतर बघू, आधी गणित.

गेम सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रं) चालतो. इम्पॅक्ट सुरू झाल्यापासून अंगावर पडेपर्यंत २६ फ्रेम, म्हणजे ०.४३ सेकंद. काहीतरी दिसलं की बटण दाबणं एवढंच काम असेल तर साधारण माणसाला पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेमच्या आसपास. तुमच्याकडे ११ फ्रेम शिल्लक आहेत. हात म्हातारा झालेला नाही.

मग जमत का नाही? कारण ऑनलाइन तुम्ही फक्त इम्पॅक्टची वाट बघत नसता. उडीची बघताय, चार्ज सांभाळताय, थ्रो येईल म्हणून धास्तावलेले आहात. पाच गोष्टींसाठी डोकं उघडं ठेवलं की त्या पाव सेकंदाचा अर्धा सेकंद होतो. सीपीयूला ही अडचणच नाही, म्हणून तो दर वेळी परतवतो. माणूस परतवत नाही. तुम्ही मारणं सोडलंत हेच सीपीयूने तुम्हाला शिकवलेलं चुकीचं गणित.

उपाय तोच, स्लॉट. पण पायरीने चढवा. आधी फक्त इम्पॅक्ट आणि ‘काहीच नाही’ असे दोनच स्लॉट. डमी कधी मारेल माहीत नाही, तुम्ही नुसते उभे राहून परतवायचं. हे सोपं वाटेल. मग तुम्ही बूम टाकत असताना. इम्पॅक्ट दोन फटके अंगावर झेलून पुढे येतो, त्यामुळे बूम त्याला अडवत नाही, पण गाईल बूम टाकून लवकर मोकळा होतो, वेळ मिळतो. मग तिसरा स्लॉट उडीचा घाला. इथे एकदम घसराल, उडीवर इम्पॅक्ट माराल आणि इम्पॅक्टला किक. तिथेच थांबून राहायचं, चौथा स्लॉट घालायची घाई नको.

आणि स्वतःची पाठ कोपऱ्याला टेकवून करा. कोपऱ्यात इम्पॅक्ट ब्लॉक केला तरी भिंतीवर आदळता, मग पुढचा अख्खा कॉम्बो फुकट. खऱ्या सामन्यात तो तिथेच येतो.

काटकोनी
तुमच्या वयाच्या शंकेला माझ्याकडे एकच उत्तर. हांगझोऊच्या आशियाई खेळांत, २०२३ मध्ये, स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी घेतलं. वय ४४. आता बोला.

रच्याकने (जाता जाता), फ्रेमगणित यांच्या स्लॉटवाल्या पद्धतीवर माझा थोडा आक्षेप आहे. मीही हे खूप केलं. नोंदवलेली उडी दर वेळी त्याच अंतरावरून, त्याच उंचीवर येते. हाताला तेवढंच एक चित्र पाठ होतं. शिवाय रेकॉर्डिंग करणारे आपणच, म्हणजे आपल्याला सुचेल तेवढंच डमी करणार. ज्या गोष्टीने मी हरतो ती मला माहीतच नसेल तर मी ती नोंदवू कशी? माझं म्हणणं, धास्ती वाटते म्हणूनच रँक्ड नको, पण कॅज्युअल मॅच खेळा. तिथे काही पणाला नसतं. आणि वायफाय काढून केबल लावा, समोरच्यालाही तुमच्या जोडणीचं चिन्ह दिसतं, वायफायवाल्यांना बरेच जण नाकारतात.

फ्रेमगणित
आक्षेप मान्य. म्हणून रेकॉर्डिंग स्वतःच्या मनाने करायचंच नाही. हरलेल्या सामन्याचा रिप्ले उघडा, नेमका कुठे मार बसला तो क्षण शोधा, समोरच्याने दाबलेली बटणं पडद्यावर दिसतात, तीच डमीमध्ये नोंदवा. म्हणजे डमी तुमच्या डोक्यातून येत नाही, तुम्हाला हरवणाऱ्या माणसाकडून येतो. अंतराचं म्हणाल तर उडीचेच दोन-तीन स्लॉट करा, एक जवळून, एक लांबून, एक अशी की जी तुमच्यापर्यंत पोचतच नाही आणि तुम्ही किक मारलीत तर फसता.

म्हणजे थोडं ऑनलाइन जावंच लागेल, हे बरोबर. आठवड्याला दोन-चार मॅच हरायच्या, बाकी दिवस त्यांचा पंचनामा.

जुनाट_यंत्र
या विषयावरचा माझा आवडता किस्सा अजून कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो.

कॉम्बो ही गोष्टच मुळात समोर कोणी उलटून मारणारं नसताना सापडली. स्ट्रीट फायटर २ मध्ये मध्येच गाडी फोडायचा बोनस टप्पा यायचा, आठवतो ना? गेम तयार होत असताना निर्माते नोरिताका फुनामिझू तो टप्पा तपासत होते, तेव्हा त्यांना दिसलं की एक फटका संपायच्या आत दुसरा जोडला जातोय. हे कोणी ठरवून घातलेलं नव्हतं. खऱ्या सामन्यात कोणाला जमणार नाही म्हणून तसंच ठेवलं. पुढे सगळा प्रकारच त्यावर उभा राहिला.

आणि सीपीयूला माणसासारखं करायची धडपडही जुनी आहे. व्हर्च्युआ फायटर ४ इव्होल्यूशनच्या क्वेस्ट मोडमध्ये जपानच्या आर्केडमधून फिरायचं असायचं, आणि तिथले संगणकी खेळाडू खऱ्या जपानी खेळाडूंच्या शैलीवरून बेतलेले होते. त्या काळात एवढा प्रामाणिक सीपीयू दुसरीकडे नव्हता. एकेकाची खोड वेगळी. मी दोन वर्षं त्यातच होतो, आणि ऑनलाइन वगैरे काही नव्हतंच, त्यामुळे मी किती वाईट खेळतो हे मला कळायचा प्रश्नच आला नाही. सुखाचे दिवस.

सोनचाफा
गाडीचा किस्सा भारी! म्हणजे आमच्यासारख्यांमुळेच कॉम्बो सापडले म्हणायचे :)

रात्रपाळी
अहवाल द्यायला आलोय.

पॅरीवाला सराव केला. सुरुवातीला थ्रो मारायला जायचो आणि डमी नेमका उडी मारायचा, अक्षरशः माझ्या डोक्यावर पाय. आता बूमच्या मागून चालताना मी बूमकडे बघतच नाही, समोरच्याच्या पायांकडे बघतो. पॅरी धरली की अंगाभोवती ती निळी झळाळी येते, ती दिसली की दोन पावलं आणि थ्रो. काल एका सिल्व्हरवाल्याला एका राउंडमध्ये असे लागोपाठ थ्रो मारले की त्याने पॅरी सोडलीच. मग तो उड्या मारायला लागला. आणि उड्यांचं औषध तर मला सातव्या लेव्हलनेच शिकवलं होतं!

इम्पॅक्टचं अजून दोन स्लॉटपर्यंतच गाडं आलंय. उडी घातली की गोंधळ.

बायको म्हणते हल्ली तू गेम खेळत नाहीस, अभ्यास करतोस. कोपऱ्यात बसून रिप्ले बघत वहीत लिहितोय हे तिने पाहिलंय.

काटकोनी
वहीत काय लिहिता? उत्सुकता आहे.

रात्रपाळी
कशाने हरलो तेवढंच, एका ओळीत. ‘जेपी, लांबून, मी घाईत उडी.’ असं (जेपी हे समोरचं पात्र). पाच-सहा ओळींनंतर तीच ओळ परत परत यायला लागते. आणि बहुतेक ठिकाणी ‘घाईत’ हा शब्द आहे.

अर्धा_डाव
एक शंका. परफेक्ट बूमचा सराव कसा करता? पुढे आणि ठोसा अगदी एकत्र पडले तरच तो जोरकस बूम निघतो ना? मला दहातले दोन जमतात.

फ्रेमगणित
तो मात्र खरोखर पुतळ्यावरच करायचा, तिथे प्लेबॅकची गरज नाही. बहुतेकांचं पुढे आधी पडतं आणि ठोसा मागून. ट्रेनिंगमध्ये बटणांची नोंद पडद्यावर लावा. पुढे आणि ठोसा एकाच ओळीत दिसले तर बरोबर, दोन ओळींत दिसले तर चुकलं, आणि कोणतं उशिरा पडतंय ते लगेच कळतं. मला स्वतःला ठोसा जरा आधी पडतोय असं वाटलं की तो बरोबर पडलेला असतो.

तुम्ही डी-पॅडवर आहात की काठीवर? काठीला मागून पुढे यायला जास्त अंतर आहे, तिथे ठोसा अजून थोडा थांबवावा लागतो.

अर्धा_डाव
डी-पॅड. अंगठा दुखतोय पण बघतो करून.